वाळूच्या गोण्यांनी तपासलेली फळी

प्रिय आरोही,

फोनवर तू हॅलो म्हणालीस की माझं बोलणं तिथंच अडेल, म्हणून लिहितोय. आईला यातलं काही माहीत नाही. कळवणजवळच्या बंधाऱ्याच्या खाचांत पाणी अडवायला बसवतात त्या लोखंडी फळ्या आपल्या अंबडच्या शेडमध्ये केल्या ना, त्यातली एक फळी पंधरा दिवसांपूर्वी निघाली. खाली कुसाबाई धुणं धूत होती. फळ्या बसवणाऱ्या पुंजाची बायको. ती गेली.

फळी पातळ करायची कल्पना माझीच. जुनी फळी उचलायला चार माणसं लागायची, पुंजाची कंबर कामातून गेली होती. मी मागचे आधाराचे अँगल काढले, पत्रा कमी केला, वजन निम्म्यावर आणलं. मग ती आडवी ठेवून वर वाळूच्या गोण्या रचल्या, स्वतः उभा राहिलो. जरा वाकली, पण हलली नाही. केवढा खूश झालो होतो मी, गाढव.

गेल्या दिवाळीत तू टेबलफॅनसमोर कागदाची पट्टी धरली होतीस. एकवर गप्प, दोनवर किंचित वाकली, तीनवर अशी फडफडली की चिमटीतून सुटली. साचलेलं पाणी नुसतं दाबतं, पण वाहत्या पाण्यात फळी वाकली की धार बदलते, आणि धार बदलली की फळी आणखी हलते, असं तू समजावत होतीस. मी तुला कागदी इंजिनिअर म्हणून चिडवलं आणि चिवडा मागितला. अपघाताच्या दिवशी बंधाऱ्याचं पाणी फळीवरून वाहू लागलं तशी ती थरथरायला लागली, आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता म्हणे. पुंजा दाबून धरायला धावला, तोवर ती खाचेतून निसटली.

आता सगळे म्हणतात, पुंजानं ती नीट बसवली नाही. दहाव्याला गेलो, तर तो माझ्याच पाया पडला. म्हणाला, "शेठ, माझ्याच हातानं गेली ती. तुमची फळी चांगली व्हती." मी त्याला उठवलं आणि गप्प बसलो. आरोही, मी गप्प बसलो गं.

चौकशीत मला विचारलं, धोक्याची कल्पना कुणी दिली होती का. मी नाही म्हणालो. फळ्या गाडीत चढायच्या आदल्या दिवशी तू आकडेमोडीसकट मेल पाठवली होतीस, पप्पा, या पाठवू नका म्हणून. अपघाताच्या संध्याकाळी मी ती पुसून टाकली. तुझ्याकडे असेल. चौकशीच्या साहेबांचा पत्ता सोबत ठेवलाय, थेट त्यांना पाठव. मला पाठवू नकोस, मी परत पुसून टाकेन. शुक्रवारी पुंजाचा जबाब आहे आणि तो सगळं स्वतःवर घेणार आहे.

तुझाच,
पप्पा