हॉलमधला खड्डा

९ फेब्रुवारी, रविवार
स्वयंपाकघरात गवत उगवलंय. ओट्याखाली, फ्रिजच्या जागेवर, हिरवंगार. जमीन वर आली की घर खाली गेलं, कळेना. घराचा नकाशा काढायचं सॉफ्टवेअर म्हणतं, पाया निवडा. प्रकार तीन. एकात तळघर, एकात घराखाली रांगत जाण्याएवढी पोकळी, एकात नुसती फरशी. आपला मुरूम भरलेला जोता कुठंच नाही. सेंटरवर पोरांना कॉम्प्युटर शिकवते मी, आणि इथं माझीच शिकवणी लावायची वेळ आलीय.
वि.चा तिरोड्याहून फोन. नवऱ्याचं ड्युटीवरून सुटल्या सुटल्या एकच, "झालं का घर?" म्हटलं, झालं. येताना गाय घेऊन या, ओट्याखाली चारू.

१३ फेब्रुवारी
'फ्रेम तयार करा' दाबलं. भिंतींच्या आत हात-हात अंतरावर उभी लाकडं! सगळं घर लग्नाच्या मांडवासारखं. बाहेरच्या देशात अशीच बांधतात म्हणे, लाकडाचा सांगाडा आणि वरून पाट्या. आमगावात वाळवीची पंगत बसेल. कॉलम-बीम शोधता शोधता छपरावर किती बर्फ पडतो ते विचारलं. शून्य लिहिलं तर लाल झालं. थोडा तरी लिहा. लिहिला बापा.
वि.ला फोटो पाठवला. "काऊन एवढी लाकडं? जंगल विकत घेतलं का?"

२३ फेब्रुवारी, रविवार
बांधीवर, आमच्या धानाच्या तुकड्यावर, मिस्त्रीसोबत जाऊन आलो. मोठीमायची बांधी वर, आमची तिला लागून खाली. सासरे गेल्यापासून दोन्हीत धान तीच लावते. मोठीमाय म्हणजे वि.ची मोठी काकू, एकटीच राहते, लेक तिकडं छत्तीसगडात दिली. (इथून पुढं मोमा. बोटं दुखतात.)
गोष्ट सगळी पाण्याची. तिच्या बांधीतलं जास्तीचं पाणी मधल्या मातीच्या धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून आमच्या बांधीत उतरतं आणि आमच्यातून नाल्याला जातं. आम्ही मुरूम भरून जोता केला की ती वाट बंद. मग पावसाळ्यात तिचं धान पाण्यात उभं राहून सडणार. म्हणून तिचा होकार अजून अडलेला. जमीन वि.च्या नावावर आहे, पण ती हो म्हणेपर्यंत एक टोपलंही टाकायचं नाही, हे आमचं ठरलेलं.
मिस्त्रीची पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढली. उन्हाळी धानाचा रोवणा नुकताच झालेला, रोपं उभी. चपला हातात घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरलो, दोन्ही बांध्यांच्या चारी बाजूंनी. मिस्त्रीपण धानवाल्या घरचा. दोघांपैकी एकाच्याही मनात आत पाय टाकायचं आलं नाही, उभ्या धानात कोण टाकेल? फक्त तोंडाशी आतल्या बाजूला एक सपाट दगड आहे. त्यावर उतरून एक आकडा घेतला.

२ मार्च
आकडे भरले. जमीन आली! पण एका जागी खड्डा. बरोबर हॉलच्या कोपऱ्यात. बाकी सगळा पाया शहाण्यासारखा बसलेला, तिथं मात्र एक लांब टांग खाली सोडून उभा. तासभर डोकं लावलं. सगळे आकडे एक सांगतात, हा दगडावरचा एकटाच दुसरं सांगतो. नळीत बुडबुडा असेल. खोडला.
जमीन पोळपाटासारखी झाली. आणि उतार चक्क रस्त्याकडं! म्हणजे मोमाचं पाणी सरळ रस्त्याच्या नालीला लागेल. आमच्यातून यायची गरजच नाही. वि.ला फोन करून जवळजवळ किंचाळलेच.

९ मार्च, रविवार
लॅपटॉप घेऊन मोमाकडं. वि.पण आला होता. तिनं आधी घर पाहिलंच नाही. "माजी बांधी दाखव. पानी कोनीकडून जाईल?" मी बोट फिरवून दाखवलं, इथून, असं, रस्त्याच्या नालीत. तिनं पदरानं काच पुसली. पुन्हा दाखवायला लावलं.
"कम्पूटर सांगते त बराबरच असंल."
मग घर पाहिलं. समोरची खोली माझ्या क्लासची, ती तिला फार आवडली. "म्हंजे दिवसभर लोकं येतीन-जातीन. उजेड राहील." मागच्या हॉलची खिडकी आपल्या घराकडं कर म्हणाली. जागच्या जागी करून दिली, दोनदा क्लिक. धान निघालं की तोंड मीच बुजवते, म्हणाली.
मला रडूच आलं. दहा वर्षं भाड्याच्या खोलीत क्लासची स्वप्नं पाहिली, आणि होकार असा चहा पिता पिता.

१४ एप्रिल
जयंती. मोमा पांढऱ्या साडीत मिरवणुकीत सगळ्यात पुढं. दर दोन घरांमागं कुणाला तरी थांबवून सांगत होती, आमच्या सुनेनं पानी कम्पूटरात चालवून दाखवलं. मी मान खाली घालून लाजत होते. आज सॉफ्टवेअर उघडलं नाही.

११ मे, रविवार
धान निघालं. आज पहिल्यांदा आमच्या बांधीत उतरले. पाया कुठून आखायचा ते पाहू म्हणून.
धुरा माझ्या गुडघ्याच्या वर.
उभी राहिले ती उभीच राहिले. जमीन खाली आहे. म्हणजे सगळीच खाली. मी लेव्हल घेतली ती धुऱ्यांची. बांधीची नाहीच. सॉफ्टवेअरनं मला धुऱ्याच्या उंचीचं सपाट मैदान करून दिलं आणि मी ते मोमाला दाखवलं. एकटा खरा आकडा तो दगडावरचा, आणि तोच मी…
धावत मोमाच्या बांधीत गेले. तिथंही तेच. तिच्या बांधीपेक्षा रस्त्याची नाली उंच आहे. पाणी चढून जाणार का?
परत आले तर धुऱ्याचं तोंड बुजवलेलं. वर नवी माती, पावलांनी नीट दाबलेली. शब्दाची पक्की बाई.

१२ मे
सेंटरवर लक्ष नाही. एका मुलीनं फाइल कुठं गेली विचारलं, मी म्हटलं नाल्यात.
संध्याकाळी मिस्त्रीला बोलावून वि.ला फोनवर सांगितलं. तो आधी हसला, मग दिवस मोजायला लागला. मुरूम आत्ता टाकला तरच पावसाळ्यात दबेल आणि दिवाळीनंतर भिंती चढवता येतील. मुरमाचे टिपर ठरलेत, १९ ला.
वि. म्हणे, जोत्याखालून पाईप टाकू. मिस्त्री म्हणे, गाळानं भरेल, फिर खोदोगे क्या हॉल? मी म्हटलं, कॉलमवर उचलू, खालून पाणी जाऊ दे. मिस्त्री म्हणे साप राहतील. वि. म्हणे भाडं घेऊ त्यांच्याकडून. मला हसू आलं नाही.

१४ मे
नवीन फाइल. या वेळी खरे आकडे, बांधीत उतरून घेतलेले. घर एका बाजूला सरकवलं, कडेनं पाण्याला नाल्यापर्यंत पट्टा सोडला. बसतं. फक्त समोरची खोली जाते.
जुनी फाइल काढून टाकली नाही. दोन्ही उघडी ठेवून बसते. एकीत माझा क्लास आहे, एकीत मोमाचं धान. दोन्हींत खिडकी तिच्या घराकडं. कोणती बंद करू? आणि काही न सांगता पट्टा सोडला तर ती विचारेलच, हा कायले म्हणून.

१७ मे, शनिवार
सांगितलं. पारावर नाही, घरात नाही, मुद्दाम बांधीत नेलं. म्हणजे डोळ्यांना दिसेल. ती धुऱ्यावरच उभी. मी खाली उतरून दाखवते, मोमा, बघा, माझा गुडघा कुठं, धुरा कुठं. माझं चुकलं. तुमचं पाणी रस्त्याला जात नाही. तोंड पुन्हा उघडू.
ती माझ्या गुडघ्याकडं नाही, तोंडाकडं पाहत होती.
"तवा कम्पूटर एक बोलला. आता दुसरं बोलून राहिला. मी कोनतं खरं मानू?"
कम्पूटर नाही बोलला मोमा, मीच चुकीचं भरलं.
"विनोदले तिरोड्यातच रायचं आहे न? सरळ सांग. पानी कायले मधात आनतेस?"
मी आपली नाही हो, म्हणत राहिले. ती ऐकेना. सगळ्या गावाला सांगून बसली आहे ती, आमचे लोक येऊन राहिले म्हणून. आता मी पाण्याचं बोलले की तिला एकच ऐकू येतं, हे येत नाहीत. रागच आला मला. पट्टा सोडूनही घर बांधता येतं, असं सांगायला लॅपटॉप उघडला तर हातानं झाकण लावलं तिनं.
"तू चित्रं नको दाखवू आता."

१८ मे, रविवार
वि. काल रात्री आला, सकाळी तिच्याकडं गेला. मी नाही गेले. चहा पिऊन परत आला, म्हणाला, तिला सगळं कळलंय. रस्त्याची नाली उंच आहे हे तिनं कालच स्वतः जाऊन पाहिलं, मी निघाल्यावर.
मग तोंड उघडते का? म्हटलं.
नाही म्हणाली. पट्टाही नको म्हणाली. पट्ट्यात माझी क्लासची खोली जाते, हे कोणी सांगितलं तिला? वि.नं मान खाली घातली. त्यानंच.
"मग काय म्हणाल्या?"
"म्हनाली, धान सडंल त सडंल. तुमी या."
वि. जेवलाच नाही धड. मी दोन्ही फाइली उघडल्या, बंद केल्या, पुन्हा उघडल्या. खोलीवाली चालवली तर ती दरवर्षी खिडकीतून मला सडकं धान दाखवणार नाही, मला माहीत आहे. बोलणारसुद्धा नाही. म्हणूनच नको वाटते. आणि पट्टा सोडला तर तिला वाटणार, अर्ध्या मनानं आले.
टिपरवाल्याचा फोन वाजतोय. मुरूम कुठं टाकायचा, हेच विचारेल. वि. माझ्याकडं पाहतोय, मी वि.कडं.