होडीची भोकं

नवी सारोळी, ता. मोताळा
६ मार्च २०२५

प्रिय जीवन,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझी भाची छकुली बारावीची परीक्षा देते आहे, फिजिक्सचा पेपर बरा गेला म्हणाली. तिकडे मालवणात तू कसा आहेस? पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणून कान दुखतात असं मागे म्हणाला होतास. डॉक्टरला दाखवलंस का?

वर्षभर तुझा फोन उचलला नाही, आणि आता कानांची चौकशी करते आहे. पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे ना, अक्का" म्हणशील, म्हणून कागद घेतला.

तू पाठवलेली होडी अजून आमच्या अंगणात पालथी पडून आहे. गजेंद्र भाऊजी ती येत्या सोमवारी धरणात घालणार आहेत. थर्माकोलच्या पाटावर बसून जाळी टाकायचा त्यांना कंटाळा आला आहे. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "होडीनं काय केलं, वहिनी? दादाचं नशीब होतं." नशीब म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

होडी निवडताना तू किती वेळ फोनवर बोलला होतास, आठवतं? पाय आत घालून बसायची होडी जोरात पळते, पण आपल्याला ती नको, म्हणालास. धरणात बुडालेल्या बाभळींत जाळं अडकलं की ह्यांना बुडी मारावी लागायची. अशा माणसाला पाण्यातून परत चढता आलं पाहिजे. म्हणून वर बसायची, रुंद, सपाट होडी. पोटावर आडवं पडायचं, पाय झाडायचे, अंग वर ओढायचं, मग वळून बसायचं. ह्यांनी दोन दिवसांत शिकून घेतलं. सारा गाव बघायला आला होता.

फक्त त्या भोकांची थट्टा व्हायची. बैठकीपासून तळापर्यंत आरपार आठ भोकं. "तुह्या भावानं चाळणी धाडली व," हे म्हणायचे. खालून पाणी वर यायचं आणि बसल्याजागी भिजायचं. "लोकं इचारतात, निवृत्तीभाऊ, या वयात हे काय झालं?" स्वतःच सांगून स्वतःच हसायचे. पण थंडीत तीन-तीन तास ओल्यात बसून त्यांना खोकला लागला. झोपेतही खोकायचे.

आपल्या घरात होडीला डांबर बायाच लावतात. आई बाबांच्या लाकडी होडीला लावायची, आपण दोघं चिंध्या फाडून द्यायचो. मीही तेच केलं. चिंध्या डांबरात बुडवल्या, आठही भोकांत ठासून भरल्या, वरून-खालून लिंपल्या. चार दिवस हे कोरडे बसले. खोकला कमी झाला. मला किती बरं वाटलं ते आता लिहिताना लाज वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला. लाटांचं पाणी होडीत येत राहिलं, आणि जायला वाट नव्हती. जाळं अडकलं म्हणून ह्यांनी बुडी मारली. वर येऊन होडीवर पोट टेकवलं, तसं साचलेलं सगळं पाणी एका अंगाला आलं आणि होडी जाळ्यासकट त्यांच्यावर उलटली. गावातल्या गोविंदाने काठावरून पाहिलं. तो पोहोचेपर्यंत संपलं होतं.

तू तिसऱ्या दिवशी आलास. आत्याबाई भर लोकांत तुला म्हणाल्या, "तुह्या भोकाच्या होडीनं माहा लेक खाल्ला. पुन्हा या दारात पाय ठेवू नको." तू मान खाली घालून ऐकलंस. मग अंगणात जाऊन होडीच्या तळावरून हात फिरवलास आणि माझ्याकडे पाहिलंस. माझ्या नखांत अजून काळं होतं. ते तू पाहिलंस, जीवन. आणि एक शब्द न बोलता मोताळ्याची गाडी धरलीस.

त्या गप्प राहण्याचा मला राग आहे. तू बोलला असतास तर मी तिथेच रडून मोकळी झाले असते. तू मला झाकलंस आणि मी त्या पांघरुणात आरामात बसले. तुला शिव्या मिळत, मला दूध-भाकर. शेजारच्या विमलबाई विचारायच्या, "भावानं भोकांचं काही सांगतलं नोतं का वं?" मी म्हणायचे, नाही.

तू सांगितलं होतंस. होडी टेम्पोत चढवल्यावर फोन केलास. हे बाजारात गेले होते, मी उचलला. "अक्का, ती भोकं बुजवू नका. वर आलेलं पाणी त्यातूनच उतरतं. दाजींना नीट सांग." मी तवा टाकला होता. हो हो म्हटलं, आणि ह्यांना सांगितलंच नाही. डांबर लावताना मला तुझं बोलणं आठवलंही होतं. वाटलं, समुद्रावरच्या माणसाला आमच्या धरणातलं काय कळतं.

काल दुपारी विळा तापवून मी भोकं मोकळी करायला बसले. आत्याबाई ओट्यावर होत्या.

"काय करून राह्यली वं?"

मी सगळं सांगितलं, हात न थांबवता.

"मंग वर्षभर त्या पोराले शिव्या देऊ देल्या मले?"

"हाव."

"काऊन?"

"तुमी मले घरात ठेवावं म्हणून."

त्या उठून आत गेल्या. आज सकाळी चहा त्यांनी केला. छकुलीला दिला, गजेंद्र भाऊजींना दिला. चहा झाल्यावर भाऊजींना म्हणाल्या, "जीवनचा नंबर दे मले." माझ्याकडे मागितला नाही.

त्यांचा फोन येईल तेव्हा त्यांना रडू दे. "माझंच चुकलं" असं मोठेपणाने म्हणू नकोस. मला वाचवायला काहीही म्हणू नकोस. मी या घरात राहीन की नाही ते आता त्या ठरवतील, आणि ते त्यांना ठरवू दे. छकुलीला परीक्षा संपल्यावर मी स्वतः सांगणार आहे. माझ्याआधी तू सांगू नकोस.

भोकं आठही मोकळी झाली आहेत. बादलीभर पाणी ओतून पाहिलं. सगळं उतरलं, क्षणात.

न मागता तू वाचवलेली,
सुवर्णा अक्का