गाडी डावीकडे ओढते

बोदलकसा,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय नीतू,

तू गावच्या मंडईच्या जत्रेला येणार हे ठरल्यापासून तुझ्या बाबांनी घर डोक्यावर घेतलं आहे. गोंदिया स्टेशनवर ते स्वतः गाडी घेऊन येणार, रिंकूला गाडीतूनच घरी आणणार, आणि नातू बसणार म्हणून चारही टायर नवे टाकून झाले. इथवर मला आनंदच होता. पण टायरच्या दुकानातला माणूस जाता जाता म्हणाला, "अंकल, नये टायर डाले हो तो अलाइनमेंट भी करा लो, चक्का टेढ़ा रहेगा तो टायर एक तरफ से घिस जाएगा." साधी गोष्ट होती. चाकं सरळ रेषेत आहेत का ते मशीन लावून बघायचं, नसली तर सरळ करून घ्यायची. पण तुझ्या बाबांना वाटलं, त्याने त्यांच्या एसटीतल्या सगळ्या ड्रायव्हरकीवर बोट ठेवलं. "मले शिकवते का तो? कायले पाह्यजे अलाइनमेंट? खायाचे धंदे आहेत सारे," हे पुराण तिरोडा येईपर्यंत चाललं होतं. अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यात माझा जन्म गेला, पण एवढं हट्टी पोर माझ्या हाताखाली कधी आलं नाही.

बरं, गाडी डावीकडे ओढते हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. टायर टाकल्यावर दोनच दिवसांनी बकारामभाऊंनी नेहमीसारखं अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं, कडेने दगड लावून. तुला आठवत असेल, वाळत्या धानावरून कोणी ट्रक नेला तर तुझे बाबा एसटी थांबवून, खाली उतरून त्याला शिव्या घालायचे. अन्नावर चाक घालणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. त्याच बाबांनी डावी चाकं दगडांसकट त्या धानावरून नेली. बकारामभाऊ पायाने धान फिरवत होते, ते शेजारच्या बांधीत, धानाच्या खाचरात, उडी मारून वाचले. चिखलातून उठून म्हणाले, "काऊन जी भाऊ, माह्या अंगावरच आणून राहिले का गाडी?" आणि बाबा काय म्हणाले असतील? "गाडीच ओढते डावीकडं, मी का करू?" मी मागच्या सीटवर होते. मी उतरून उडालेले दगड परत कडेला लावत होते, आणि हे मात्र टायरवाल्याला कोसत होते.

त्याहून कहर म्हणजे गावाने ते मान्य केलं. बकारामभाऊंनीसुद्धा. ईश्वरदास ड्रायव्हर चुकेल कसा, गाडीच चुकली असेल. तू याच घरात वाढलीस, तुला ही रीत माहीत आहे. आपल्याकडे काहीही झालं तरी दोष गाडीचा, रस्त्याचा, समोरच्याचा. चालवणारा नेहमी निर्दोष. मीही जन्मभर तसंच मानत आले, म्हणून मीही गाडीच्याच मागे लागले. मी म्हणायचं अलाइनमेंट करा, त्यांनी म्हणायचं टायर बसले की आपोआप सिधी होते. मग ओढते कशी विचारलं की रस्त्याला उतार आहे. उतार उजवीकडे असला तरी गाडी डावीकडेच कशी जाते विचारलं की चहा कुठे आहे. नीतू, या माणसाशी वाद घालणं म्हणजे म्हशीपुढे बीन वाजवणं, आणि म्हैस निदान कान तरी हलवते.

शेवटी पुरावाच दाखवू म्हणून मी सपरीत, ओसरीच्या कोपऱ्यात, ठेवलेले जुने टायर बाहेर काढले. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे चाकं वाकडी असती तर टायर एका बाजूने झिजायला हवे होते. मी चारही टायर उन्हात आडवे टाकून बोटांनी चाचपले. सगळे सारखेच झिजलेले, आतून बाहेरून एकसमान. माझा पुरावा माझ्याच तोंडावर आपटला. फक्त दोन टायरांचा बाहेरचं अंग खरवडून निघालं होतं, जागोजागी रबराचे लचके गेलेले. सिमेंट रस्त्याची कड लागली असेल असं मनात आलं, पण ते दोन्ही डाव्या बाजूचेच असतील हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. मी चिडून टायर परत ढकलून दिले आणि स्वयंपाकाला लागले. दुपारी जेवायला बसल्यावर यांनी आणखी एक कारण काढलं. चटणी काऊन नाही वाढली म्हणून माझ्यावर डाफरले. चटणी ताटातच होती, डाव्या बाजूला, जिथे ती लग्नापासून वाढत आले आहे. मी म्हटलं डोळे उघडून जेवा. त्यावर संध्याकाळपर्यंत अबोला.

अबोला सुटला तो माझ्या उपोषणाच्या धमकीने. कसेबसे तयार झाले, पण टायरवाल्याकडे नाही, यादोरावकडेच जाणार. यादोराव म्हणजे बाबांच्या डेपोत मेकॅनिक होते ते. आता त्यांनी गोंदियात स्वतःचं गॅरेज काढलं आहे, अलाइनमेंटचं मशीन घेतलं आहे. चाकांना ती भिंगासारखी यंत्रं लावली, टीव्हीवर आकडे आले, सगळे हिरवे, म्हणजे चाकं सरळच. यादोराव म्हणाले एक चक्कर मारून बघू. रिकाम्या सरळ रस्त्यावर त्यांनी गाडी नेली आणि स्टेअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली. मग म्हणाले, भाऊ, आता तुम्ही चालवा. बाबा चालवायला बसले, यादोराव त्यांच्या शेजारी, मी मागे. त्याच रस्त्यावर, तीच गाडी, हळूहळू डावीकडे सरकायला लागली. कडेला एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. यादोरावचा पाय त्याच्या बाजूच्या नुसत्या पत्र्यावरच ब्रेक दाबत होता. ते ओरडले तेव्हा बाबांनी गाडी वळवली आणि विचारलं, "कोन होती? कुठून आली एकदम?"

ती एकदम आली नव्हती, नीतू. ती केव्हाची चालत होती. मला लांबून दिसत होती.

यादोरावने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस बोलेल, निदान हा तरी बोलेल. ज्याचं बाबा ऐकतात असा तोच एक. गॅरेजवर आल्यावर त्याने पुन्हा गाडीखाली वाकल्यासारखं केलं, एक पाना फिरवला आणि म्हणाला, "थोडा फरक होता भाऊ, काहाडून टाकला. आता बिनधास्त जा." का, तर ज्या माणसाने हाताला धरून डेपोत कामाला लावलं, त्याला तोंडावर कसं सांगायचं. मोठा मान राखला. बाबा खूश, यादोराव खूश, आणि मी मागच्या सीटवर दात ओठ खात घरी आले. इतके दिवस निदान गाडीत खोट आहे म्हणून जपून तरी चालवत होते. आता अलाइनमेंट झालं, गाडी एक नंबर झाली, असं शेजारच्या मंदाबाईपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना सांगत फिरत आहेत. मीच हट्ट धरून हे करून आणलं, आता मी कोणत्या तोंडाने म्हणू की गाडीत काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी चटणी मुद्दाम उजवीकडे वाढली. पुसून खाल्ली आणि म्हणाले, आज आठवण राहिली तुले. पाण्याचा लोटा डावीकडे ठेवला तर कोपर लागून सांडला. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो, आणि चौकट कोणी बसवली म्हणून सुताराचा उद्धार होतो. हे सगळं मी कधीपासून बघत होते आणि म्हातारपणाचा चिडकेपणा समजत होते. डोळाच आहे की आणखी काही, ते डॉक्टर सांगेल. मी एकदा भीत भीत विषय काढला, तर म्हणाले, मले अजून सुईत दोरा ओवता येते. ओवता येतो, खरं आहे. समोरचं सगळं दिसतं, डावीकडचंच तेवढं नाही. म्हणून तर कोणाला पटत नाही.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तुझा फोन आला की ते स्पीकर लावून मधोमध बसतात. मंदाबाईचा रोशन उद्या तुमच्या रायपूरला निघाला आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. तू कोणत्या रेल्वेने येणार ते बाबांना कळवू नकोस. एक दिवस आधीच ये, गोंदियाहून तिरोड्याची एसटी पकड, पुढे ऑटो कर. ते खूप रागावतील, रागावू दे. मग रिंकूचे डोळे तपासायचे आहेत असं काहीतरी सांगून त्यांनाही डॉक्टरकडे ने, आणि गाडी तू चालव. गाडी तुला त्यांनीच शिकवली, म्हणून तुझ्या हाती किल्ली देताना त्यांना हरल्यासारखं वाटणार नाही. मला त्यांचा अपमान नको आहे. आयुष्यभर पन्नास पन्नास माणसं पाठीशी घेऊन हा माणूस हिंडला, कोणाला ओरखडा येऊ दिला नाही. आता त्यांच्या हातून काही झालं, तर त्यातून ते उठणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. काल तुझा फोन ठेवल्यावर दिवसभर एकटेच हसत होते. रिंकूने पुढची सीट मागितली आणि त्यांनी त्याला वचन दिलं आहे. तो त्यांच्या डाव्या हाताला बसणार आहे, नीतू.

तुझीच,
आई