लवूचं लोह

मुलुंड (पूर्व)
१९ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

अनंतभावोजी रविवारी येऊन गेले. चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग एकदम म्हणाले, ती धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, ‘मी माझ्या पोराला मारलं’ एवढंच धरून बसलीये. लवूच्या बाराव्याला तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत काय विचारलं तेही सांगितलं, “तूच पाजलंस मा त्याका ता लाल औषध?” एवढं सांगून भावोजी रडले गं, माझ्यासमोर. तू देवगडला नसतीस तर मी तशीच उठून आले असते आणि तुला खांदे धरून गदागदा हलवलं असतं. आता पत्रावरच भागवायचं आहे. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात घडी घालून उशीखाली सारू नकोस.

सगळा घोळ एका शब्दाचा आहे. रक्त कमी. लवू तान्हा होता, पिवळाफटक दिसायला लागला, तेव्हा बोरिवलीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोराचं रक्त कमी आहे. आपल्याला त्याचा एकच अर्थ ठाऊक, लोह द्या. मग घरात बीट आलं, खजूर आला, गूळ आला. शेजारच्या सुंदराबाई कलेजीचा रस्सा घेऊन यायच्या, “लेकराला रगत नाय गं, पाज थोडं,” म्हणत बाजूला बसायच्या, आणि आपला लबाड वाटी चाटूनपुसून साफ करायचा. आणि ते लोहाचं लाल टॉनिक. पुढे मोठ्या हॉस्पिटलात थॅलॅसेमिया हे नाव कळलं, रक्त चढवणं सुरू झालं, तरी किती तरी दिवस तुला कुणी समोर बसवून सांगितलं नाही की या आजारात रक्त कमी असतं, लोह कमी नसतं. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, मलाही ठाऊक नव्हतं. आणि ज्या दिवशी तुला कळलं त्या दिवशी तू ती बाटली मोरीत ओतलीस. मी तिथेच उभी होते.

तू नेहमी चिडवायचीस, तुमच्या त्या प्रयोगशाळेत दिवसभर करता तरी काय. आज सांगते. लोह रक्तातून एकटं हिंडत नाही, त्याला सोबत घेऊन जाणारं एक प्रथिन असतं, ट्रान्सफरिन. पेशीच्या अंगावर त्याला ओळखून धरणारे रिसेप्टर असतात, भुकेल्या पेशीवर पुष्कळ, पोट भरलेल्या पेशीवर थोडे. रिसेप्टरने धरलं की पेशी दोघांनाही एका इवल्याशा पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतलं पाणी जरा आंबट होतं, त्यात लोह सुटतं, आणि रिकामं प्रथिन पुन्हा बाहेर रक्तात. आपण शेजारणीची वाटी कधी रिकामी परत देत नाही. पेशीला काही रीतभात नाही. हे सगळं आत्ता तीन-चार वर्षांत नीट उलगडलंय आणि मला ते इतकं आवडतं की एकदा लवूला धरून बसवून समजावलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारतो कसा, मावशी, म्हणजे पेशीला चिंच आवडते?

आता नीट वाच. लवूला चढवलेल्या प्रत्येक बाटलीतल्या रक्तात लोह होतं, आणि साठलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते काढणारं इंजेक्शन परदेशातून यायचं. कधी मिळायचं, कधी महिनोन्महिने नाही. त्याच्या रक्तातलं ट्रान्सफरिन भरून गेलं आणि वरचं लोह मोकाट सुटलं. पेशींनी आपले रिसेप्टर कितीही आवरून घेतले तरी या मोकाट लोहाला रिसेप्टर लागतच नाही. ते भलत्याच वाटेने शिरतं, आधी यकृतात, मग हृदयात. आपल्या लवूचं हृदय असं भरलं. टॉनिकने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, मी खोटं बोलले की तुला लगेच कळतं. थोडं गेलं असेल. पण भरून वाहणाऱ्या पिंपात चमचाभर. आणि ते पिंप ज्या रक्ताने भरलं, त्याच रक्तावर तो नऊ वर्षांचा झाला, जिन्याच्या कठड्यावरून घसरला, शाळेत मार खाऊन आला. ते नसतं तर तो चालायलाही शिकला नसता. कुणाचंच चुकलं नाही, ताई, आणि तरी तो गेला. मला हेच सोसत नाही. कुणाला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मी कामावर गेले तेव्हा पेशींच्या नळ्या बर्फात ठेवलेल्या होत्या. थंडीत ट्रान्सफरिन रिसेप्टरला चिकटतं, पण आत जात नाही. ऊब मिळाली की लोह घेऊन आत शिरतं. मी नळ्या बाहेर काढल्याच नाहीत. विद्याधर सरांनी विचारलं, प्रयोग का थांबवलास? मी म्हटलं, आज आत नको जायला. ते स्वतःच आणखी बर्फ घेऊन आले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मला चौथा महिना आहे. लवू गेला त्याच आठवड्यात कळलं, तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी आणि चंद्रप्रकाशने तपासण्या करून घेतल्या. तुझ्यासारखाच या आजाराचा अंश माझ्यात आहे, त्याच्यात नाही; बाळ फार तर आपल्यासारखं होईल, लवूसारखं नाही. पण माझ्या अंगात लोह खरोखरच कमी आहे, मोजून पाहिलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि मला त्या गिळता येत नाहीत. एवढं सगळं शिकून, ताई. गोळी जिभेवर ठेवली की लवूचा चेहरा समोर येतो आणि मी ती थुंकून टाकते. चंद्रप्रकाश समजावून थकला, मग ओरडला, आता नुसता बघत बसतो. पोटातलं बाळ काही थांबणार नाही. तुला वाटतं तुझा हात वाईट आहे. आई गेल्यापासून मी त्याच हातचं खाऊन वाढले, मला दुसऱ्या कुणाच्या हातून नको. भावोजींबरोबर निघून ये. तू दिलीस तर मी गिळेन.

तुझीच,
जानू