समुद्राखालचा निरोप

चौसाळा, ता. जि. बीड
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुजाहिद,

जय भीम आणि सलाम.

तुझी तब्येत विचारायला हवी, पण ती तुझ्या अम्मींकडून कळली आहे. मी बरा आहे. रजेवर घरी आलोय. बाबांचे गुडघे दुखतात, तरी शेतात जातातच. कापूस वेचायला सुरुवात झालीय.

मला अजून धड झोप लागत नाही. पाळीपाळीनं झोपायची सवय अंगातून गेलेली नाही. भर दुपारी डोळा लागतो, आणि जाग आली की वर पाणीच आहे असं वाटतं. बाबा विचारतात, "आसा दचकतो कावून रं?" पाणबुडीत काय असतं ते गावात कसं सांगायचं? ऊन नाही, अंगावरचा घाम वाळत नाही, भातालाही डिझेलचा वास. आणि दोघांत एक बिछाना. तू ड्युटीवर गेलास की मी तुझ्या ओल्या जागेवर पडायचो.

खरं म्हणजे लिहायचंय ते वेगळंच.

पाणबुडीच्या त्या शेवटच्या फेरीत मी तुला सारखं आईबद्दल सांगायचो. या रजेत तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेणार, मग ती माझ्यासाठी मुलगी बघणार. तू खाली बघत ऐकायचास. तुझ्या वाटणीचं अंडं माझ्या ताटात टाकायचास. हळूहळू तुझं जेवण सुटलं, बोलणं बंद झालं. रेडिओ रूममधून बाहेर आलास की माझ्याकडं न बघता पुढं निघून जायचास. मी चेष्टा केली, "काय बे, घर आठवतंय का?" तू हसलासुद्धा नाहीस.

धक्क्याला लागल्यावर कॅप्टन साहेबांनी मला बाजूला घेतलं. आपण पाण्याखाली असतानाच आई गेली होती. दहन, जलदानविधी, सगळं माझ्यावाचून उरकलं होतं. मोहीम अर्ध्यात सोडता येत नव्हती, म्हणून निरोप येऊनही त्यांनी तो माझ्यापासून लपवायला लावला होता. आणि तो उतरवून घेणारा तू होतास.

मी सगळ्यांसमोर तुझी कॉलर धरली. "माझी आई मेली, अन् तू माझ्यासंगं पत्ते खेळत बसला?" तू हात खाली सोडून नुसता उभा राहिलास. पुढं तू खचलास आणि तुला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी बघायला आलो नाही. तुझा फोन आला की वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचो.

परवा बांधावर भाकरी खाताना बाबांना हे सगळं सांगितलं. वाटलं, तेही तुझ्यावर चिडतील. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले, "मुक्ता गेली तवा माझ्यापाशी सारी गल्ली व्हती. त्या लेकराजवळ कोन व्हतं? त्यानं एकट्यानं तुझ्या आईचं मरन पोटात ठिवलं, अन् तुझ्यासंगं ताटाला बसत ऱ्हायला. तू त्याला भेटाया गेलता का?"

"नाही."

"कावून?"

मी उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि उठलो.

घरी येऊन मी तुमच्याकडं फोन लावला. अम्मी म्हणाल्या, "बेटा, त्याला घरी धाडलंय. खोलीत जात न्हाई, दार लावू देत न्हाई. फोन तर कानाजवळ नेऊ देत न्हाई. कुनाशी बोलत न्हाई. फक्त मला इचारतो, जीवनला सांगू का? दिवसभर तेच. सांग म्हनलं की गप होतो. काय सांगायचं हाय रे त्याला?"

मी फोन ठेवून दिला. आई गेल्यावरसुद्धा मी एवढा रडलो नव्हतो. फोन तू कानाजवळ नेत नाहीस, म्हणून हे पत्र. अम्मी तुला वाचून दाखवतील.

रविवारी मी आणि बाबा गेवराईला येतोय. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, आम्ही अंगणात बसून राहू. पण पुन्हा तेच विचारलंस, तर मी हो म्हणेन. मला आधीच कळलंय हे विसरून जा. माझी आई गेली, हे तू मला सांग. तुला लागेल तेवढा वेळ घे. या वेळी मी तुझ्या शेजारी बसून ऐकेन.

तुझ्या तोंडून ऐकायला येणारा,
जीवन