जोयड्यातला पुतळा

आप्पा, आज जोयड्याहून आले ती डोकं धरूनच बसले. चूल पेटवली नाही. कुणाला तरी सगळं सांगावं असं वाटतंय, आणि घरात ऐकून घेणारं कुणी नाही. भावानं तर दुपारीच फोनवर सांगून टाकलं, आता तोंड दाखवू नकोस म्हणून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा आधीचं आधी सांगते.

भावाचा थोरला, तुम्ही ज्याला मांडीवर बसवून उळवीची जत्रा दाखवली होती, तो सेंटरिंगच्या कामाला परदेशी गेलाय. त्या देशात लढाई चालू आहे. आपल्या सरकारनं त्या लढाईत त्यांची बाजू धरली आणि त्यांना मजूर कमी पडले तसा इथून माणसं पाठवायचा करार केला. पलीकडच्या बाजूला रोज घरं पडतात, लेकरं मरतात, त्यावर आपलं सरकार चकार शब्द काढत नाही. आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी करून मी जन्मभर बाळंतपणं केली. मोबाईलवर ढिगाऱ्यातून काढलेली बाळं दिसतात तेव्हा ती मला दुसऱ्या कुणाची वाटत नाहीत. भाचा निघाला त्या दिवशी मी त्याचा हात धरला, तर म्हणाला, "आत्ती, तितं इमारतीखाली लपायला जागा हाय. भोंगा वाजला की उतरायचं. आनि हितं ऱ्हाऊन काय करू?" मी भावाला म्हटलं, दुसऱ्याच्या लढाईत आपली पोरं कशाला? तर तो म्हणाला, "तुला पंतप्रधान बघवत न्हाईत, म्हनून बोलतीस तू." माझा सगळा संताप तिथूनच सुरू झाला. मी धोरणाबद्दल बोलते आणि ऐकणारा माणसाबद्दल ऐकतो. कितीही समजावून सांगा, गाडी पुन्हा तिथंच येऊन थांबते.

तुमच्या बाबतीतही असंच व्हायचं. तुम्ही फौजेत असताना समुद्रापलीकडच्या त्या बेटावर तुम्हाला लढायला पाठवलं आणि माडांच्या बागेत सुरुंगावर तुमचा डावा पाय गेला. तुम्ही कुबडीवर घरी आलात त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात चुलीतला कोळसा घेतला आणि तुम्हाला तिथं धाडणाऱ्या तेव्हाच्या पंतप्रधानांचे भिंतीवरच्या कॅलेंडरातले डोळे खरवडून काळे केले. वाटलं होतं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून बघितलंत आणि इतक्या जोरात ओरडलात की आईच्या हातातली भाकरी काटवटीत पडली. "डोळं कशाला फोडतीस गं? आमाला तितं का धाडलं, ह्ये इचार. मोठ्यांदी इचार. पर डोळं फोडू नगंस." मी रडत रडत कोळसा टाकला. मला काहीएक कळलं नव्हतं.

पुढं सुप्याच्या धरणावर तुम्हाला गेटवर वॉचमनची नोकरी लागली. एका सकाळी मी डबा घेऊन येते, तर तुम्ही स्टुलावर मान खाली घालून बसलेले. त्या पंतप्रधानांना मारल्याची बातमी नुकतीच आली होती. तुमच्या जोडीचा वॉचमन म्हणतो, "बरं झालं की! तुमचा पाय त्येनंच खाल्ला न्हवं?" तुम्ही कुबडी टेकत उठता. मला वाटतं, आता मारता की काय. पण आवाज अगदी हळू. "पाय त्येच्या हुकमानं गेला, व्हय. हुकूम चुकीचाच हुता, ह्ये मी मरंपतोर म्हननार. पर आज त्येच्या घरात रडारड चाललीया. तितं मी हसू?" डबा तसाच परत नेला मी. आणि तुम्ही खरोखरच मरेपर्यंत म्हणत राहिलात. जोयड्यात कुणी पुढारी आला की मागच्या रांगेतून उभे राहायचात, "आमाला का धाडलं?" उत्तर कुणी दिलं नाही. एकदा त्यांनी उत्तराऐवजी शाल दिली. तुम्ही ती घडी घालून खुर्चीवर ठेवलीत आणि घरी आलात.

तर आजचं. करार रद्द करा, लढाईत कुणाची बाजू धरू नका, मेलेल्या लेकरांसाठी बोला, असं निवेदन मी लिहिलं होतं. आम्ही थोडे लोक तहसीलदार कचेरीसमोर जमलो. बाहेरून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी गोणपाटात भाताचा पेंढा भरून पुतळा केला होता, त्याला पंतप्रधानांचा मुखवटा, गळ्यात चपलांचा हार. एक मुलगी काडेपेटी पुढं करून म्हणाली, "अक्का, तुमचा भाचा तिकडं आहे. काडी तुम्हीच लावा."

"ह्याला जाळून भाचा परत येनार हाय व्हय?" मी म्हटलं. "आपन करार मागं घ्या म्हनायला आलोय न्हवं?"

"म्हणजे तुम्ही त्यांच्याच बाजूच्या!"

"मी त्यांच्या धोरनाच्या विरोधात हाय. हे बघ, सहीनिशी लिवलंय. त्या मानसाशी माजं वैर न्हाई."

कुणीतरी हसलं. काडी दुसऱ्यानं लावली. पोलीस धावले, ढकलाढकली झाली, कचेरीचं दार बंद झालं. कारकुनानं खिडकीतून हात हलवला, कानडीत म्हणाला, "बिडी अक्का," म्हणजे सोडा आता. निवेदन कुणी घेतलंच नाही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच फोटो, जळणारा पुतळा आणि शेजारी मी. भावाकडच्या लोकांत मी देशद्रोही ठरले. त्या पोरांनी त्याच फोटोखाली लिहिलं, ही बाई सरकारची भक्त, हिनं आंदोलन मोडायला बघितलं. एका दुपारीत मी दोन्हीकडची शत्रू झाले, आणि मी काय म्हणत होते ते एकानंही वाचलं नाही.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्यानंही फोटो बघितला होता. मी शिव्या खायच्या तयारीनं बसले. तो म्हणाला, "आत्ती, ते निवेदन घेतलं का गं त्यांनी?" न्हाई म्हटलं. "मग परत जा. सोमवारी जा, गर्दी नसतीया." इतकंच. मागं कुठंतरी भोंगा वाजायला लागला आणि फोन तुटला. तेव्हापासून लागत नाही.

सोमवारी मी एकटी जाईन. विचारत राहीन. तेवढं तुमच्याकडून आलंय. पण एक गोष्ट भावाला सांगता येणार नाही, त्या पोरांना तर नाहीच, आणि हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते. पुतळ्याच्या मुखवट्याला आग लागली, तोंड वाकडं होत गेलं, तेव्हा मला घटकाभर फार बरं वाटलं, आप्पा. त्या गेटवरच्या सकाळी तुम्हालाही आतून तसं वाटलं होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.