हेलेनाच्या आईची जागा

एडिसन, गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४

सुटले एकदाची!

शेजारच्या हेलेनाला आता अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तिच्या गावाचा इंग्रजीत लिहिलेला इतिहास मी रोज दुपारी तिला वाचून दाखवते. पोलंडमधलं ते गाव पोझनान शहराने कधीच गिळलं. कोबीचे मळे गेले, तळं बुजवलं. शेवटचं प्रकरण मात्र मी दोन दिवस टाळत होते. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिची आई तिथल्या दफनभूमीत आहे, आणि आता तिथे हेलेनाचं कुणीच उरलेलं नाही. आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, तेव्हा नदीकाठचं स्मशान रस्त्याखाली गेलं. इथेही तसंच लिहिलेलं असलं तर? तिला ते कोणत्या तोंडाने वाचून दाखवू?

आज सकाळी डिक्शनरी घेऊन ते प्रकरण एकटीनेच वाचलं. दफनभूमी आहे! रस्ताच वळवला तिच्यासाठी. पुन्हा वाचलं, चुकायला नको.

दुपारी सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे डोकेदुखी खोटी होती, सुमन! घाबरट कुठली." मग बराच वेळ डोळे पुसत बसली. "तिथल्या चर्चला कळवते, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावा. तुझ्या नवऱ्यासाठीही एक सांगू?"

"अगं, यांच्या अस्थी नदीत सोडल्या. यांची तिथे कुठली जागा?"

"आईशेजारी. ती कुणालाही पानावर बसवायची."

यांना थंडी अजिबात सोसत नसे. तरी मी हो म्हणाले.